सातारा-सांगली परिसरातील शेकरू : अधिवास व संवर्धनाचा इतिहास

प्रस्तावना :
शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी होय. ही मोठी खार क्वचितच जमिनीवर उतरते. एका झाडाच्या फांदीवरून दुसऱ्या झाडावर झेपावत ती फिरते आणि काटक्या-पानांची घरटी उंच फांद्यांत बांधते. त्यामुळे तिचे अस्तित्व हा सलग वृक्षछत्राचा जिवंत पुरावा ठरतो. या दृष्टीने सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम भागाचा येथे विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३१ मध्ये दख्खनच्या घाटातील शेकरूचे शास्त्रीय वर्णन केले व त्यास मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. प्राण्याची अशी नोंद झाली. तथापि त्याच्या अधिवासाचा विचार फार उशिरा झाला. १८७८ च्या वन कायद्याचा मुख्य भर वनांवरील सरकारी नियंत्रणावर होता. पुढे १९६० च्या दशकात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाने खोऱ्याचा तळ व्यापला. रुंद जलाशय वृक्षवासी प्राण्यास ओलांडता येत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

संरक्षित क्षेत्रे :
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर १९८५ मध्ये कोयना व चांदोली ही अभयारण्ये अस्तित्वात आली. चांदोलीस २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये दोन्ही क्षेत्रे मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्यांचा समावेश झाला. या प्रक्रियेत अनेक गावांना आपली भूमी सोडावी लागली. या संवर्धनाची किंमत स्थानिकांनी मोजली आहे, याचा विसर पडता कामा नये.

निष्कर्ष :
आजवर संवर्धनाचे मोजमाप प्रामुख्याने चौरस किलोमीटरमध्ये झाले. शेकरूस मात्र क्षेत्रफळाइतकीच फांद्यांची सलगता आवश्यक असते. रस्ता रुंद करताना कडेची जुनी झाडे तोडली, तर नकाशावरील वन तेवढेच राहते. शेकरूचे मात्र दोन तुकड्यांत विभागते. म्हणून रस्त्यांवरील वृक्षकमानी, देवराया आणि जांभूळ, हिरडा, आंबा यांसारखी जुनी झाडे जतन करणे अगत्याचे आहे. मात्र निसर्गतःच वृक्षहीन असलेल्या सड्यांवर लागवड करणे उचित नव्हे. वनक्षेत्राच्या आकड्यांसोबत छत्राची सलगताही नोंदविली गेली, तरच पुढील पिढ्यांना या इतिहासाचे यथार्थ मूल्यमापन करता येईल.