परड्यातला तेरडा

तेरडा ही सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात आपोआप उगवणारी वर्षायू वनस्पती. गडहिंग्लजहून आजरा, आंबोलीकडे जावे तसा पाऊस वाढत जातो आणि श्रावण-भाद्रपदात रस्त्याकडेच्या उतारांवर तेरडाही दाटत जातो. उलट पूर्वेला संकेश्वरच्या बाजूला रान कोरडे होते, तसा तो विरळ होतो. आंबोलीत उगम पावणाऱ्या हिरण्यकेशीच्या काठचे गडहिंग्लज या दोहोंच्या मध्ये पडते. त्यामुळे इथला तेरडा काही रानातला, तर काही परड्यातला.

परड्यात त्याला जागा मिळाली ती गौरीमुळे. काही घरांत गौरी खड्यांच्या असतात, काही घरांत मुखवट्यांच्या. कोल्हापूर भागातल्या अनेक घरांत मात्र तेरड्याच्या रोपांची जुडी हीच गौर. अनुराधा नक्षत्रावर बायका-पोरी नदीवरून किंवा विहिरीवरून ती वाजतगाजत घरी आणतात, ज्येष्ठावर पूजा होते आणि मूळ नक्षत्रावर घरच्या गणपतीबरोबर तिची पाठवणी होते. रोपे मुळासकट उपटून आणायची, यात व्यवहारही आहे. तेरड्याचे खोड पाणीदार, जवळजवळ पारदर्शक असते. तोडलेली फांदी लवकर मान टाकते, पण मुळे ओली राहिली की रोप तीन दिवस तग धरते. रंग तीन दिवस म्हणून तेरड्याला नावे ठेवणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

एकदा अंगणात आलेला तेरडा सहसा जात नाही. त्याचे केसाळ, फुगीर बोंड पिकल्यावर नुसते बोट लागले तरी तडकते. त्याच्या पाच पाकळ्या झटक्यात आत वळतात आणि बारीक काळपट बी लांब उडते. पुढच्या मृगात मोरीच्या पाण्याकडेला, तुळशीमागे, उकिरड्याच्या ओलीवर रोपे दिसू लागतात. मुद्दाम बी टाकायचे तरी कष्ट फारसे नाहीत. पहिल्या पावसानंतर माती भुसभुशीत करून वर पेरायचे, खोल पुरायचे नाही. साधारण दोन महिन्यांत फुले येतात, म्हणजे मृगाची पेरणी भाद्रपदाला बरोबर गाठते.

या रानफुलाचा बाहेरच्या जगातला प्रवासही जुना आहे. सोळाव्या शतकात ते युरोपच्या बागांत पोचले होते. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा डचांचा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात निघाला, त्यात तेरड्याची नोंद आहे. 1753 मध्ये लिनिअसने त्याला ‘इम्पेशन्स बाल्समिना’ हे शास्त्रीय नाव दिले. युरोपातल्या माळ्यांनी त्यातून दुहेरी, गुलाबासारख्या भरगच्च फुलांचे वाण निवडून वाढवले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी बागांबरोबर हिंदुस्थानात असले बी आले, तेव्हा इथलेच फूल ‘बाल्सम’ होऊन परतले. पुण्याजवळ गणेशखिंडीची वनस्पती बाग 1873 मध्ये उभी राहिली. बंगल्यांसमोर हंगामी फुलांचे वाफे करण्याची रीत याच काळात रुजली. रानातल्या तेरड्याला मात्र त्या वाफ्यांत फारसा मान नव्हता.

परड्यात दोघांची गाठ पडली. जात एकच असल्याने मधमाश्या परागांची सरमिसळ करतात, आणि बी निवडून राखले नाही तर भरगच्च फुलांच्या पिढीत एकेरी फुले पुन्हा डोके वर काढतात. एकेरी फुलाला मागे मधाची बारीक शेपटी असते. परागकोश जुळून टोपीसारखे स्त्रीकेसरावर बसलेले असतात, आणि ती टोपी गळाल्यावरच बीजधारणेची वेळ येते. ही सगळी रचना भरगच्च फुलाच्या गर्दीत दिसत नाही. पाहायला एकेरीच फूल बरे.

संस्थानी काळात गडहिंग्लज कोल्हापूर राज्यात होते. 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढच्या दशकांत तालुक्याची शेती बदलली. हरळीला सहकारी साखर कारखाना झाला, आजरा तालुक्यातल्या चित्री प्रकल्पाचे पाणी हिरण्यकेशीत आले आणि ऊस वाढला. तेरड्याला बांध, ओघळ, पड जमीन लागते. उसात बांध अरुंद होतात, उरलेल्यांवर तणनाशक फिरते, आणि एका हंगामावर जगणारे रोप बी धरण्याआधी जळाले की पुढच्या वर्षासाठी फार थोडे उरते. गौरीच्या आदल्या दिवशी बाजारात जुड्या विकत घेण्यामागे हेही एक कारण आहे. परड्यातल्या वाफ्याचे मोल त्यामुळे वाढले.

वाफा राखणाऱ्यांची एकच अडचण, ती म्हणजे पंचांग. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, त्यामुळे गौरी 21 सप्टेंबरला आल्या. 2025 मध्ये त्या 31 ऑगस्टलाच आल्या. तीन आठवड्यांच्या या फरकात मृगाला पेरलेले रोप एका वर्षी ऐन भरात असते, तर दुसऱ्या वर्षी खालून बोंडांवर आलेले. म्हणून अधिक महिन्याच्या वर्षी थोडे बी मागे ठेवून आर्द्रा-पुनर्वसूत दुसरी पेरणी करणे सोयीचे पडते. पहिल्या पेरणीची बोंडे तडकण्याआधी, हिरवट-पिवळी असतानाच, कागदी पुडीत काढून घेतली की पुढच्या सालाचे बीही हाताशी राहते.