मुक्कामी प्रवास, खानदेशातील

तंबू, राहुटी किंवा पाल बरोबर घेऊन, वाटेत ठिकठिकाणी तळ देत केलेल्या मार्गप्रवासाची तापीच्या खोऱ्यातील परंपरा. यात्रा, व्यापार, सरकारी दौरा आणि लेणी-अरण्यांचे पर्यटन ही तिची निरनिराळी अंगे होत. यांतील पर्यटन हे सर्वांत अर्वाचीन असले, तरी त्याची सामग्री व सवयी आधीच्या तिन्ही अंगांकडून आलेल्या आहेत.

सुरत–बुऱ्हाणपूर हा मोगलकालीन राजमार्ग खानदेशातून जात असे. नवापूर, नंदुरबार, सिंदखेडा, थाळनेर आणि चोपडा ही त्यावरील मुक्कामाची ठाणी फ्रेंच जवाहीर ताव्हेर्न्ये याच्या सतराव्या शतकातील प्रवासवृत्तात आढळतात. इंग्रज वकील टॉमस रो १६१५ मध्ये याच वाटेने बुऱ्हाणपुरास गेला. पीटर मंडी हा १६३० मध्ये येथून गेला, तेव्हा भीषण दुष्काळ पडलेला होता आणि तळ देण्यापुरती जागादेखील प्रेतांनी व्यापलेली असे, हे त्याच्या वृत्तान्तावरून दिसते. या वाटांचे खरे स्वामी मात्र वंजारी-लमाण तांडे होते. हजारो बैलांवर धान्य व मीठ लादून, बायकामुलांसह चालणाऱ्या या तांड्यांना मुक्काम हेच घर होते. प्रवासवृत्तांत त्यांचा उल्लेख बहुधा वाट अडविणारा अडथळा म्हणून येतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या परंपरेचे आजही नांदते रूप सारंगखेडा (ता. शहादा, जि. नंदुरबार) येथे पहावयास मिळते. तापीच्या उत्तर तीरावरील या गावी मार्गशीर्ष पौर्णिमेस, दत्तजयंतीला, एकमुखी दत्ताची यात्रा भरते व तिला जोडूनच घोड्यांचा मोठा बाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश इ. प्रदेशांतून व्यापारी येतात. मारवाडी व काठेवाडी जातींच्या घोड्यांना विशेष मागणी असते. घोडा हे वाहन असेपर्यंत या बाजाराची उपयुक्तता उघड होती. रेल्वे व पुढे मोटार आल्यानंतरही तो टिकून राहिला, याचे कारण लग्नातील वरात, शर्यत, नाच आणि हौस यांकरिता घोड्याला राहिलेली मागणी होय. बाजाराचे मर्म त्याच्या तळात आहे. घोड्याची आगाडी-पिछाडी बांधलेली, शेजारी मालकाचे पाल, पुढ्यात चूल, अशी ही रचना असते. जनावराची चाल, दात व स्वभाव पारखण्यास काही दिवसांचा मुक्काम लागतो. एका फेरीत सौदा करणारा गिऱ्हाईक सहसा फसतो. पूर्वी घोडे मजला मारीत चालत आणले जात; आता ते ट्रकमधून येतात. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या सहभागाने येथे चेतक महोत्सव सुरू झाला व पर्यटकांसाठी सोयींनी युक्त असे तंबू उभारण्यात आले. एकाच यात्रेत व्यापाऱ्याचे पाल आणि पर्यटकाचा तंबू शेजारी दिसू लागले. पहिले गरजेने उभे राहते, दुसरा भाड्याने मिळतो. महोत्सवाने गावाचे नाव दूरवर नेले हे खरे. तथापि यात्रेचा प्राण पहिल्यातच आहे.

ब्रिटिश अंमल १८१८ मध्ये सुरू झाल्यावर हिवाळी दौरा हा जिल्हा प्रशासनाचा नियमच झाला. अधिकाऱ्याजवळ बहुधा तंबूंचे दोन संच असत. एकात तो राहत असताना दुसरा पुढील मुक्कामी रवाना होई. जागेवरच तक्रारी ऐकल्या जात, पिकांची पाहणी होई आणि फावल्या वेळात शिकार चाले. या सोयीची किंमत गावकरी मोजीत असत. गाड्या, वैरण, सरपण आणि ओझी वाहणारी माणसे पुरविण्याचा बोजा त्यांच्यावर पडे आणि वेठबिगारीच्या तक्रारी दीर्घकाळ चालू राहिल्या. दौऱ्याच्या रम्य आठवणी लिहिणाऱ्या साहेबांनी ही बाजू क्वचितच नोंदविली आहे.

अजिंठ्याच्या लेण्यांचे अर्वाचीन दर्शनही शिकारीतूनच घडले. मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी दहाव्या लेण्यातील स्तंभावर आपले नाव कोरून ठेवले. योगायोग असा, की याच वर्षी युरोपात स्लोव्हेनियातील पोस्टोयना ही चुनखडीची नैसर्गिक गुहा प्रेक्षकांसाठी रीतसर खुली झाली. दख्खनचा पठारी खडक बेसाल्टचा असल्याने तेथे चुनखडीतल्यासारखी लवणस्तंभांची दालने घडत नाहीत. पाश्चात्त्य प्रवासी ज्या कुतूहलाने गुहांकडे जातो, ते येथे मानवनिर्मित लेण्यांकडे वळले.

मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून अनेक वर्षे अजिंठ्याच्या परिसरात राहून भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. लंडनमधील क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक नष्ट झाल्या. गिल १८७९ मध्ये मरण पावला. त्याची कबर भुसावळ येथे आहे. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह १८७२–८५ या काळात तेच काम पुन्हा केले. त्याच्याही अनेक प्रती १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. लेडी हेरिंगम हिने १९०९–११ मधील दोन हिवाळ्यांत फर्दापूरला तळ दिला. नंदलाल बोस व असितकुमार हालदार हे तरुण चित्रकार तिच्याबरोबर होते. चित्रे टिकविण्यासाठी केलेल्या या खटाटोपातच त्यांची हानीही झाली, कारण रंग उजळावेत म्हणून भिंतींवर दिलेले व्हार्निश पुढे पिवळे पडले. १९२० च्या सुमारास हैदराबाद संस्थानाने इटालियन तज्ज्ञांकरवी दुरुस्ती करविली व गुलाम याझदानी यांचे चार खंड १९३०–५५ मध्ये प्रसिद्ध झाले.

रेल्वेमुळे प्रवासी जळगावपर्यंत सहज येऊ लागला, पुढे मोटारीने थेट लेण्यांच्या पायथ्याशी. अमेरिकेत १९२० नंतर मोटार, तंबू आणि राज्य-उद्याने यांच्या मिलाफातून सहकुटुंब मार्गप्रवासाची जी रीत रूढ झाली, तिचे येथील प्रतिरूप मात्र वेगळे झाले. मराठी कुटुंब तंबूऐवजी धर्मशाळा, विश्रामगृह किंवा नातलगाचे घर शोधते. मोकळ्या रानात हौसेने निजणे ही कल्पना त्याला दीर्घकाळ परकीच राहिली. अजिंठा १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. वाढती गर्दी, धूर व आर्द्रता यांमुळे पुढे खाजगी वाहने लेण्यांपासून सु. ४ किमी. अलीकडे थांबवून बसने जाण्याची व्यवस्था झाली. ती अनेकांना जाचक वाटते. चित्रांच्या दृष्टीने ती फार आधी व्हावयास हवी होती.

अरण्य आणि लेणी एकत्र पाहू इच्छिणाऱ्यास चाळीसगाव–कन्नड दरम्यानचा डोंगर अधिक सोयीचा आहे. तेथील गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. भिल्ल पलटणीचा संघटक जेम्स औट्रम याचे नाव त्यात टिकून आहे. पितळखोरे येथील इसवी सनापूर्वीची बौद्ध लेणी याच परिसरात असून त्यांतील शिल्पांचे महत्त्व म. न. देशपांडे यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवेचनाने ध्यानात आले. खडक ठिसूळ असल्याने दर्शनी भाग बराच ढासळला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार (१९७२) अभयारण्यात प्रवेशास परवाना लागतो, तर संरक्षित स्मारकांच्या नियमांनुसार (१९५९) परवानगी दिलेल्या जागेखेरीज स्मारकात अन्न शिजविता येत नाही; मुक्कामाची चूल त्यामुळे लेण्यांपासून दूर, डोंगराच्या पायथ्याच्या गावांतच पेटते.