जमिनीखालचा भ्रंश म्हणजे काय? कार्बन साठवण्याआधी तो का तपासतात

यवतमाळ : वणी पट्ट्यात कोळसा आहे, जिल्ह्याच्या बऱ्याच भागात काळा पत्थर म्हणजे बेसाल्ट. अशा थरांत कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड खोल साठवता येईल का, यावर देशात अभ्यास सुरू आहे.

भ्रंश : खडकाला खोल तडा जाऊन दोन्ही बाजू एकमेकींना घासून सरकलेल्या असतात, तो भ्रंश. वरून तो दिसेलच असं नाही. तिथं पाणी किंवा वायूचा दाब वाढला की पकड ढिली होते, बाजू सरकते आणि धक्का बसतो.

कोयनेचा धडा : कोयना धरणात १९६२ पासून पाणी अडवलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, पावणेदोनशेवर माणसं गेली. पुढे अभ्यासासाठी केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने त्या भागात ३ किलोमीटर खोल बोअर घेतलं.

मॉडेल : बोअरमधले दगडाचे नमुने आणि धक्क्यांच्या नोंदी घेऊन भ्रंशाची जागा, उतार अन् तो किती दाबाला सरकेल हे संगणकावर काढतात. वायू त्यापेक्षा कमी दाबानेच सोडायचा असतो. मात्र न सापडलेला भ्रंश मॉडेलमध्ये येत नाही.

विहिरींचं काय? : भ्रंशातून किंवा न बुजवलेल्या जुन्या बोअरमधून वायू वर आला तर पाणी आम्लधर्मी होऊ शकतं. आइसलँडच्या बेसाल्टमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळवून सोडलेल्या वायूचा दोन वर्षांत बहुतेक दगड झाला. पण तिथं एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागतं. उन्हाळ्यात टँकर लागणाऱ्या गावांनी जनसुनावणीत पहिला प्रश्न हाच विचारावा.