सांताक्रूझचा स्पॅनिश राजा

पश्चिम उपनगरात तापास खायला गेलात की 'पातातास ब्रावास' मागवा. म्हणजे तिखट सॉस घातलेले तळलेले बटाटे. एवढ्याशा बटाट्यांचे एवढे पैसे, असं मनात येईलच. जुहूच्या जेडब्ल्यू मॅरियटमध्ये स्पॅनिश शेफ सेर्जी अरोला यांचं रेस्टॉरंट होतं, तेव्हापासून या छोट्या बशा इकडे ओळखीच्या झाल्या. पण स्पेनचा आणि सांताक्रूझचा संबंध त्याहून फार जुना आहे.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. सांताक्रूझ साष्टीतच येतं. पुढे पोर्तुगालच्या गादीला थेट वारस उरला नाही आणि १५८० साली स्पेनच्या दुसऱ्या फिलिपनं ती बळकावली. १६४०पर्यंत, म्हणजे तब्बल ६० वर्षं, वाकोला-कालिन्याच्या भातशेतीचा धनी कागदोपत्री स्पेनचा राजा होता! कालिन्याचं आवर लेडी ऑफ इजिप्त चर्च १६०६ सालचं, तिसऱ्या फिलिपच्या काळातलं.

तरी स्पॅनिश असं काही इथे रुजलं नाही. पोर्तुगालचा कारभार पोर्तुगीजांकडेच राहील, असं फिलिपनं कबूल केलं होतं. त्यामुळे 'पाव' आणि 'बटाटा' हे शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाले. गोव्याचं चोरीस आणि स्पेनचं चोरिथो ही चुलत भावंडं. दोघांचा लाल रंग मिरचीचा, आणि मिरची दोघांकडेही अमेरिकेतूनच आली.

'तापा' म्हणजे झाकण. शेरीच्या पेल्यात माशा पडू नयेत म्हणून वर पावाचा किंवा मांसाचा काप ठेवत, त्यातून हा प्रकार निघाला म्हणतात. गोष्ट इतकी गोंडस आहे की मला खरी वाटत नाही. खरं ते असं, की ग्रनादात आजही पेयासोबत तापा फुकट येतो.

आता आपल्याकडे बघा. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईत चोरून दारू विकणाऱ्या 'आंटीं'चे अड्डे निघाले. त्यांतल्या बऱ्याच जणी ख्रिस्ती घरांतल्या, पोटासाठी धोका पत्करणाऱ्या. दारूसोबत उकडलेलं अंडं, चणे. पुढे परमिट रूम आल्या आणि चखण्याची बशी टेबलावर न मागता येऊ लागली. ग्रनादाच्या माणसाला महागड्या तापास बारपेक्षा ही बशी लवकर ओळखू येईल.

सांताक्रूझ म्हणजे पवित्र क्रूस. लिहिताना दोन्ही भाषांत सारखंच. पोर्तुगीज म्हणणार 'क्रूश', माद्रिदचा माणूस 'क्रूथ'. आपला 'झ' दोघांचाही नाही.