ओटा कुणी आखला?

शाळेत आम्हांला जो इतिहास शिकवला तो सगळा लढायांचा. पानिपत किती वेळा झालं, कुठल्या साली झालं आणि कोण कुणाच्या मदतीला वेळेवर पोचलं नाही, हे आम्ही पाठ करून पेपरात उतरवलं. पण त्या छावण्यांत एवढ्या माणसांच्या भाकऱ्या कोण थापत होतं, चुली किती होत्या आणि पिठाची पोती कुठे रचली होती, हे कुठल्याही गुरुजींनी सांगितलं नाही. राज्यं बुडतात, पण संध्याकाळचा स्वयंपाक चुकत नाही. तेव्हा तो जिथे होतो त्या जागेलाही इतिहास असणारच.

तो आहे. त्यात तलवारी नाहीत, पण घड्याळं आणि मोजपट्ट्या भरपूर आहेत. शिवाय एक गंमत आहे. स्वयंपाकघर कसं आखावं हे ज्यांनी जगाला शिकवलं, त्यांच्यातल्या काही जणींचा प्रत्यक्ष फोडणीशी संबंध अगदी बेताचा होता. बँकेत कर्जवसुलीचं परिपत्रक नेहमी अशा साहेबांकडून येतं, ज्यांनी जन्मात एकाही कर्जदाराची कडी वाजवलेली नसते. त्यामुळे मला या इतिहासात पहिल्या पानापासून घरच्यासारखं वाटलं.

पहिला मान अमेरिकेतल्या कॅथरीन बीचरबाईंचा. बाई शिक्षिका. लग्न केलं नाही, पण १८४१ साली गृहव्यवस्थेवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि तो खपलाही. पुढे १८६९ मध्ये त्यांनी बहिणीबरोबर आणखी एक पुस्तक काढलं. बहीण म्हणजे ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो. या पुस्तकात स्वयंपाकघराचा चक्क नकाशा होता. बाईंचं म्हणणं असं, की आगबोटीवरचा आचारी एवढ्याशा खोलीत दोनशे माणसांचं जेवण करतो, कारण त्याला लागेल ती वस्तू हाताशी असते. मग घरातल्या बाईनं मिठासाठी एका टोकाला आणि पिठासाठी दुसऱ्या टोकाला का धावावं? म्हणून खिडकीखाली सलग ओटा, त्यालाच लागून पिठाची पेटी, वर फळ्या. चूल शेजारच्या खोलीत आणि मध्ये सरकती दारं. आज आपण ज्याला आधुनिक म्हणतो त्यातलं बरंचसं या बाईंनी दीडशे वर्षांपूर्वी आखून ठेवलं होतं.

मग आल्या क्रिस्टिन फ्रेडरिक. त्या काळी अमेरिकेतल्या कारखान्यांत टेलरसाहेबांची साथ आली होती. कामगाराच्या पाठीशी हातात घड्याळ घेऊन उभं राहायचं, आणि त्याचा हात कुठे किती सेकंद फुकट गेला ते टिपायचं. फ्रेडरिकबाईंनी तेच घड्याळ घरात आणलं. १९१२ मध्ये त्यांनी मासिकात लेख लिहिले, पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक झालं. एका नकाशात वाईट मांडणीचं स्वयंपाकघर, त्यात बाईच्या येरझाऱ्यांच्या रेघांचा नुसता गुंता. दुसऱ्यात चांगल्या मांडणीचं, त्यात रेघा शहाण्यासारख्या सरळ. हे पुस्तक जर्मन भाषेत गेलं आणि खरी गोष्ट तिथे सुरू होते.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची भयंकर टंचाई होती. फ्रँकफुर्ट शहरानं अर्न्स्ट मे नावाच्या वास्तुविशारदाला कामकरी माणसांसाठी हजारो घरं बांधायला सांगितलं. घरं लहान, भाडं परवडणारं. स्वयंपाकघराचं काम मेसाहेबांनी दिलं व्हिएन्नाच्या मार्गारेटे लिहोत्स्की या तरुण बाईला. ऑस्ट्रियातल्या अगदी पहिल्या स्त्री वास्तुविशारदांपैकी त्या एक. १९२६ साली, एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी जे आखलं ते ‘फ्रँकफुर्ट किचन’ म्हणून जगभर गाजलं. बीचरबाईंनी आगबोट पाहिली होती, लिहोत्स्कीबाईंनी आगगाडी पाहिली. रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातलं चिंचोळं स्वयंपाकघर हा त्यांचा आदर्श.

रुंदी सुमारे सव्वासहा फूट, लांबी सव्वाअकरा. एवढ्यात त्यांनी काय काय बसवलं! खिडकीपाशी ओटा आणि त्याच्यापुढे गोल फिरणारं स्टूल, म्हणजे भाजी बसून चिरावी. ओट्यातच केरकचरा ढकलायची खाच. भिंतीतून खाली उघडणारी इस्त्रीची फळी. छताला रुळावरून सरकणारा दिवा. धान्याला आणि साखरेला अॅल्युमिनियमचे छोटे खण, प्रत्येकावर नाव आणि ओतायला चोच. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण त्यात किडे होत नाहीत. कपाटांना निळसर हिरवा रंग, कारण त्यावर माशा बसत नाहीत अशी समजूत. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं फ्रँकफुर्टच्या घरांत बसवली गेली.

आता गंमत ऐका. लिहोत्स्कीबाईंनी उतारवयात सांगून टाकलं, की हे आखलं तोवर त्यांनी संसार केला नव्हता आणि त्यांना स्वयंपाकही येत नव्हता.

राहायला आलेल्या बायकांना ते कळायला फार वेळ लागला नसावा. नावं घातलेले खण दिसायला सुरेख, पण ज्या घरात डाळ जास्त आणि साखर कमी लागते तिथे छापील नावाचं काय करायचं? शिवाय ते खण पोराटोरांच्या हाताला सहज येत. विजेच्या शेगडीचं बिल पाहून घाम फुटे. आणि मुख्य म्हणजे त्या बोगद्यात दोन माणसं मावत नव्हती. पूर्वीच्या मोठ्या स्वयंपाकघरात गरिबाचं सगळं घरच नांदायचं. तिथेच जेवण, तिथेच मुलांचा अभ्यास, तिथेच आजोबांचं खोकणं. आता पावलं वाचली, पण बाई एकटी पडली. मदतीला कुणी यायचं म्हटलं तर आधी तिनं बाहेर यायचं. कित्येकांनी त्या चिंचोळ्या जागेत टेबल कोंबायचा प्रयत्न केला. वास्तुविशारद म्हणाले, यांना वापर शिकवला पाहिजे.

म्हणून लिहोत्स्कीबाईंना नावं ठेवायचं मात्र कारण नाही. बाईचं घरकाम लवकर संपावं, म्हणजे तिला नोकरीला, वाचनाला वेळ उरावा, हाच त्यांचा हेतू होता. बाई नुसत्या बोलणाऱ्या नव्हत्या. नाझींच्या विरोधात काम करायला त्या १९४० च्या अखेरीस इस्तंबूलची सुरक्षित जागा सोडून व्हिएन्नाला परतल्या, महिन्याभरात पकडल्या गेल्या आणि १९४५ पर्यंत तुरुंगात राहिल्या. २००० सालच्या जानेवारीत, एकशेतिसऱ्या वाढदिवसाला पाच दिवस राहिले असताना त्या वारल्या. एवढं आयुष्य काढून लोक विचारायचे ते स्वयंपाकघराबद्दलच. शेवटी शेवटी त्यांना त्याचा अगदी वैताग आला होता.

चौथ्या लिलियन गिलब्रेथ. यांना बारा मुलं झाली. स्वयंपाक मात्र बहुतेक दुसरंच कुणी करी. बाईंचा धंदा हालचाली मोजण्याचा. १९२९ च्या सुमारास त्यांनी एका गॅस कंपनीसाठी नमुन्याचं स्वयंपाकघर आखलं. स्ट्रॉबेरीचा एक केक करायला जिथे २८१ पावलं पडत होती तिथे ४५ वर आणली. पण माझ्या दृष्टीनं त्यांचं मोठं काम वेगळंच. ओटा, शेगडी, मोरी किती उंचीवर असावी हे ठरवायला त्यांनी चार हजारांवर बायकांना विचारलं. स्वयंपाक न येणं हा काही गुन्हा नाही. न विचारणं हा आहे.

हे २८१ आणि ४५ वाचताना मला आजी आठवली. आजीची पावलं शून्य होती. ती चुलीपुढे पाटावर बसायची. उजव्या हाताला कळशी, डाव्या हाताला मिसळणाचा डबा, पुढ्यात परात, बाजूला विळी. एकदा बसली की पंधरा पानांचा स्वयंपाक झाल्याशिवाय उठायची नाही. आगबोटीचा आचारीसुद्धा तिच्यापुढे भटक्याच ठरला असता. पण आम्ही कॉमर्सची माणसं. जमेबरोबर खर्चही लिहिला पाहिजे. डोळ्यांत धूर जायचा. कळशी भरायला विहिरीवर जायला लागायचं, ती पावलं कुणी मोजली नाहीत. आणि स्वयंपाक आटोपून उठताना ती गुडघ्यांवर हात ठेवून जे काही म्हणायची ते देवाचं नाव होतं खरं, पण सूर भक्तीचा नव्हता.

मग गॅस आला. १९५५ साली बर्मा शेल कंपनीनं मुंबईत सिलिंडरमधून गॅस द्यायला सुरुवात केली. गॅसचा नियम असा, की शेगडी जमिनीवर ठेवायची नाही, सिलिंडरपेक्षा उंच ठेवायची. नळ आले, फ्लॅट आले, गॅस आला आणि पिढ्यान्पिढ्या बसून होणारा आपला स्वयंपाक हळूहळू उभा राहिला. उभा राहिला तशी पावलं आली, आणि पावलं आली तशी आखणीही आली.

यंत्रांनाही आपल्या स्वयंपाकापुढे उभं राहणं सोपं गेलं नाही. सत्यप्रकाश माथुर हे मुंबईतले इंजिनिअर. त्यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर आपलं वाटण वाटता वाटता जळाला. बिचाऱ्याला तिकडे मऊ फळं घुसळायची सवय, इथे भिजवलेली डाळ आणि खोबरं. दुरुस्ती इथे होईना. माधुरीबाईंनी नवऱ्याला सांगितलं, की आपल्या वाटणाला टिकेल असं यंत्र तूच कर. त्यांनी केलं, आणि १९६३ मध्ये ‘सुमीत’ बाजारात आला. पाट्या-वरवंट्याला पेन्शनीत काढणारं हे यंत्र चाललं, कारण आखणाऱ्याला रोज जाब विचारणारी बाई घरातच होती.

हे सगळं ज्ञान जवळ असताना आमच्या घराचं नवं स्वयंपाकघर करायची वेळ आली. मॉड्युलरवाला आला. त्यानं मला बजेट विचारलं आणि हिला रंग. मग फ्रिज, सिंक आणि गॅस यांचा त्रिकोण काढून दाखवला. हा त्रिकोण १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात निघाला. तिन्ही बाजू मिळून सव्वीस फुटांच्या वर जाऊ नयेत असा त्याचा नियम. आमचं अख्खं स्वयंपाकघर नऊ बाय सात. नियम मोडायला जागाच नव्हती.

“ओट्याची उंची?” हिनं विचारलं.

“स्टँडर्ड असते, वहिनी. चौतीस इंच.”

ही स्वतः चार फूट अकरा इंच. तिनं काही न बोलता जेवणाच्या टेबलावर पोळपाट ठेवला, त्यावर नसलेली पोळी लाटली, आणि मला टेप धरायला लावला. एकतीस इंच. “लाटायचं इथे,” ती म्हणाली. “बाकीचं तुमचं स्टँडर्ड.” कपाटाचे पाय आखूड करता येतात हे मॉड्युलरवाल्यानं मग कबूल केलं. गिलब्रेथबाई चार हजारांना विचारून जिथे पोचल्या, तिथे ही एकीला विचारून पोचली.

“आणि इथे,” तिनं सिंकच्या पलीकडे बोट ठेवलं, “दुसरं माणूस उभं राहील एवढी जागा पाहिजे.”

“कामाच्या बाई येतात का?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मॉड्युलरवाला चतुर, त्यानं नकाशावर दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन काढला आणि आत घाईघाईनं ‘मि.’ एवढंच लिहिलं. फ्रँकफुर्टच्या दहा हजार स्वयंपाकघरांत जी जागा निघाली नव्हती ती आमच्याकडे निघाली.

तो गेल्यावर मी नकाशा निरखून म्हटलं, “अगं, हे मिक्सर आहे की मिस्टर?”

“काही का असेना,” ती म्हणाली. “दोन्ही बटण दाबल्याशिवाय चालू होत नाहीत.”