सुटी कॉलर आणि धुणारे हात

अनसिंगला गेलो की एक प्रश्न हमखास येतो, "कॉलरवर कुठं पीएच.डी. होते का?" होते. कशी, ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमचा विषय निवडताना उपयोग होईल.

एकेकाळी कॉलर शर्टाला शिवलेली नसायची. ती वेगळी मिळायची, बटणांनी अडकवायची. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात 1827 मध्ये हॅना माँटेग्यू या बाईने नवऱ्याच्या शर्टाची कॉलर कापून वेगळी धुतली, तिथून हे सुरू झालं असं सांगतात. कारण साधं आहे. मळते ती कॉलर, मग अख्खा शर्ट रोज कशाला धुवायचा?

इथं बरेच जण थांबतात: वस्तू, साल, शोध लावणारी व्यक्ती, झालं टिपण! पण सामाजिक इतिहास पुढच्या प्रश्नापासून सुरू होतो. ही कॉलर धुवायचं कोण? ट्रॉयमध्ये धुणाऱ्या बाया होत्या, त्यांत आयरिश स्थलांतरित पुष्कळ. तापलेल्या इस्त्र्या, उकळतं पाणी, तुटपुंजी मजुरी. 1864 मध्ये केट मुलानी हिच्या पुढाकाराने त्यांनी संघटना बांधली आणि संप करून मजुरी वाढवून घेतली.

आता आपल्या जवळचं साधन घेऊ. गांधीजींची आत्मकथा तुम्ही वाचली असेल. दक्षिण आफ्रिकेत बॅरिस्टरी करताना त्यांना कॉलर रोज बदलावी लागे, शर्ट निदान एक दिवसाआड. एक कॉलर धुवायला जवळजवळ तिच्या किमतीएवढे पैसे पडत. मग त्यांनी पुस्तक आणून धुणं शिकून घेतलं. पहिल्याच कॉलरला खळ जास्त झाली, इस्त्री पुरेशी तापली नव्हती. ते तशीच घालून कोर्टात गेले. खळ गळत राहिली आणि सोबतचे बॅरिस्टर हसले.

पुढं 1912 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले तिकडे गेले. त्यांच्याजवळ न्यायमूर्ती रानड्यांनी भेट दिलेलं एक वस्त्र होतं, अगदी जिवापाड जपलेलं. जोहान्सबर्गच्या मेजवानीआधी ते चुरगळलेलं निघालं. गांधीजी म्हणाले, मी इस्त्री करतो. गोखल्यांचा वकिलावर भरवसा होता, धोब्यावर नव्हता! शेवटी काम नीट झालं आणि त्यांनी पसंतीही दिली.

हे वस्त्र इंग्रजी अनुवादात 'स्कार्फ' आहे. गळपट्टा समजायचं की उपरणं? एका शब्दाने माणसाचा अख्खा पेहराव बदलतो. म्हणून अनुवादावर थांबू नका, मूळ गुजराती पाठ उघडा.

आणखी एक गोष्ट बघा. या प्रसंगात बॅरिस्टर बोलतो, पुढारी बोलतो. धोबी मात्र फक्त तक्रारीत येतो: महाग, वेळ न पाळणारा. त्याची बाजू कुणी लिहिली नाही. साधनांमधली ही शांतता ओळखणं म्हणजे निम्मं संशोधन.

आपल्याकडं सुटी कॉलर शेतकऱ्याच्या गळ्यात कधी नव्हतीच. पण हिशेब तोच होता. कॉलर झिजली की शिंप्याकडून उसवून, उलटी करून पुन्हा शिवून घ्यायची. मळू नये म्हणून आत रुमाल घालायचा. हे कुठल्याच दप्तरात सापडणार नाही. ते शिंप्याच्या आणि वरठ्याच्या आठवणीत आहे, आणि ही माणसं आता थकली आहेत. ग्रंथालय उद्याही उघडं असेल. म्हणून वही घेऊन आधी त्यांच्याकडे जा.

कॉलर ताठ करून चालणाऱ्यांचा इतिहास पुष्कळ लिहून झालाय. ती ताठ करून देणाऱ्यांचा बाकी आहे.