धन्वंतरी महालातील टिपणे

तंजावर म्हटले की मराठी माणसाला सरस्वती महाल आठवतो, बृहदीश्वराच्या मंदिरातील भोसलेकुळाचा शिलालेख आठवतो. धन्वंतरी महालाची आठवण मात्र क्वचितच निघते. दुसरे सरफोजीराजे १७९८ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. किल्ला आणि भोवतालचा मुलूख एवढेच राजांकडे उरले. अशा राजाने वैद्य, सिद्धवैद्य, हकीम आणि इंग्रजी डॉक्टर एका छपराखाली आणले. तेथे पारखलेले औषधी योग ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने तमिळ पद्यात उतरले.

दक्षिणेच्या या वैद्यकात धातूंच्या भस्मांना मोठा मान. जस्ताचे भस्म म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत जस्ताचे ऑक्साइड, आणि अशा भस्मांत नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जांशाच्या, मापाने मोजावे लागणारे कण आढळले आहेत. आज तंजावरजवळ शास्त्र विद्यापीठात नॅनोतंत्रज्ञानाचे केंद्रही आहे. तेव्हा ‘हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

कर्करोगावरील किरणोपचारात धातूचे ऑक्साइड वापरतात, ते निराळ्याच कारणासाठी. हाफ्नियम हे मूलद्रव्य १९२३ साली कोपनहेगनला सापडले. त्याचा अणुक्रमांक ७२. त्याच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण गाठीत टोचून मग क्ष-किरण सोडले, की जड अणू ते अडवतात आणि इलेक्ट्रॉन उधळतात. आसपासच्या पेशींवर घाव अधिक बसतो. जस्ताचा अणुक्रमांक अवघा ३०. त्याच्यापाशी किरण तितके अडत नाहीत. मऊ ऊतींच्या सार्कोमाच्या सुमारे १८० रुग्णांवर याची परीक्षा झाली. गाठ जवळजवळ निर्जीव झाल्याचे प्रमाण नुसत्या किरणांनी शेकडा ८, तर कणांसह १६ भरले. २०१९ साली युरोपात या उपचाराला मान्यता मिळाली.

दुप्पट, पण शंभरांत सोळाच! हे कळते कशाने? रुग्णागणिक ठेवलेल्या नोंदीने. तंजावरशी या विद्येचे नाते शोधायचेच, तर माझ्या मते ते भस्माच्या कुपीत शोधू नये. सरफोजीराजांच्या पदरी नेत्ररुग्णांची टिपणे ठेवली जात: रुग्ण कोण, व्याधी कोणती, उपचार काय केला, आणि सोबत त्या डोळ्याचे चित्र. ती टिपणे सरस्वती महालात जतन केलेली आहेत.